झाकणाची जाळी

पन्नाशी उलटली, चष्म्याचा नंबर वाढला, स्वतःला जावई आला, तरी घरात धाकटी ती धाकटीच राहिली. वरच्या मजल्यावर थोरली जाऊ, खालच्या मजल्यावर ही. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. पण ते एकमेकांशी इतकं कमी बोलायचे की त्यांचं बिनसायला कधी निमित्तच मिळालं नाही. भांडणाचं खातं पहिल्यापासून जावांकडे होतं आणि दोघींनीही ते निगुतीनं सांभाळलं होतं.

पण ती भांडणं म्हणजे भांड्याला भांडं लागणं. जिन्यातला दिवा कोणी चालू ठेवला, दोरीवरचे कपडे कोणी ढकलले, असली. सूड घ्यावा असं धाकटीला उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं. ते वाटलं एका कोळ्यापायी.

धाकटी दिव्यांच्या शेड शिवायची. नवरा तारेचे सांगाडे वळवायचा, ती त्यांवर कापड चढवायची. बाहेरची खोली कायम नागड्या सांगाड्यांनी भरलेली. आलेल्या माणसाला वाटावं, इथे कोंबड्यांची खुराडी विकतात. कापडाच्या बाबतीत तिच्या बोटांना डोळे होते. चिमटीत धरलं की सांगायची, ही मलमल, वीण घट्ट, उजेड गाळून देईल. ही जाळी, हिच्यातून उजेड नुसता सांडेल.

तारेच्या भेंडोळ्यांबरोबर आलेल्या एका खोक्यातून ती निघाली. मसुराच्या दाण्याएवढी, राखाडी, पाठीवर दोन काळे पट्टे. नवऱ्यानं वर्तमानपत्राची गुंडाळी उगारली, तर हिनं त्याचं मनगट धरलं.

"थांबा. बघा कशी बघतेय."

"कोळी आहे तो."

"आठ डोळे आहेत तिला, आणि आठांतला एकही खाली घालत नाहीये. तुम्हाला तर दोन असून जमत नाही."

नवरा हसला, गुंडाळी उलगडून वाचायला बसला, आणि बाईसाहेब घरात राहिल्या. हे नाव त्यांना त्याच दिवशी पडलं.

लांडगा कोळी म्हणतात तिच्या जातीला. जाळंबिळं विणत बसत नाही. जमिनीवर धावून, झेप घालून शिकार धरते. हे सगळं धाकटीला कोणी शिकवलं नाही, ती चुकत चुकत शिकली. आधी उंच काचेच्या बरणीत ठेवली. बाईसाहेब काचेच्या कडेकडेनं वर चढल्या आणि धप्पकन खाली आल्या. पोट म्हणजे पिकलं द्राक्ष. थोडं आणखी उंचावरून पडली असती तर फुटलीच असती. मग बरणी गेली, पसरट बुटका डबा आला. धावणाऱ्याला जमीन लागते, उंची घेऊन काय करायची? तळाशी बीळ करता येईल इतकी जाड माती, एक बाजू ओलसर, एक कोरडी, म्हणजे तिला जिथे बरं वाटेल तिथे तिनं बसावं. आडोशाला फुटक्या कुंडीचा तुकडा. बाटलीच्या झाकणात पाणी, आणि पाण्यात दोन खडे, म्हणजे कोणी बुडायला नको. झाकणाला हवेसाठी कापड. खायला एका वेळी एकच रातकिडा, आणि त्याला तिनं तोंड लावलं नाही तर तो लगेच बाहेर.

"माझ्यापेक्षा तिची उठबस जास्त," नवरा म्हणायचा. "सवत आणलीस घरात, आणि तीही माझ्या खर्चानं."

"तुम्ही कात टाका दर दोन महिन्यांनी, तुमचीही करीन उठबस."

कात टाकणं हाच तर सगळा जीव मुठीत धरायचा प्रकार. त्याआधी बाईसाहेब जेवण सोडायच्या, बिळाच्या तोंडाशी उताण्या पडायच्या, जणू गेल्याच. मग जुनं अंग फाटायचं आणि आतून मऊ, फिकट, नवीन बाई हळूहळू एकेक पाय ओढून बाहेर यायची. त्या वेळी तिला मुंगीनं चावलं तरी ती काही करू शकत नाही. दर वेळी धाकटी हातातलं शिवण टाकून डब्यापाशी बसून राहायची. आता फक्त शेवटची कात राहिली होती. ती टाकली की बाईसाहेब पूर्ण वाढलेल्या.

आणि नेमकं लेकीचं बाळंतपण आलं. धाकटी निघाली, आजोबा व्हायला नवराही निघाला. डबा सोपवायचा कोणाला? घरात एकच बाई उरली होती.

"ताई, एकच किडा टाकायचा," तिनं थोरलीला परत परत सांगितलं. "खाल्ला नाही तर काढून घ्यायचा. विसरू नका हं, काढून घ्यायचा."

"अगं, दोन पोरं वाढवली मी," थोरली म्हणाली. "एवढंसं पाखरू नाही होणार?"

नातीला न्हाऊमाखू घालून धाकटी परत आली तेव्हा दार उघडतानाच तिला काहीतरी खटकलं. डबा गात होता. आतून चार-पाच रातकिडे एका सुरात किरकिरत होते. तिनं झाकण काढलं. बिळाच्या तोंडाशी अर्धी सुटलेली कात होती, तिच्यात अडकलेले दोन पाय होते, आणि बाकी काही नव्हतं. रातकिडे चांगले गलेलठ्ठ झाले होते.

ती तशीच, प्रवासाच्या कपड्यांत, जिना चढून गेली.

"ताई, किती टाकलेत?"

"मूठभर." थोरली उशांचे अभ्रे झटकत होती, तिच्या घरात धुळीलाही विचारून बसावं लागायचं. "रोज रोज कोण उतरणार तो जिना? म्हटलं, भरून ठेवावेत एकदाच. खाईल सवडीनं."

"तिला खाल्लं त्यांनी. जिवंत असताना."

थोरलीचा हात थांबला. मग तिनं अभ्रा आणखी जोरात झटकला. "बरं बाई. दुसरा आणू. कोपऱ्याकोपऱ्यात तर असतात."

एवढ्यावर संपलं असतं तर धाकटी चार महिने अबोला धरून गप्प बसली असती. पण पंधरा दिवसांत थोरल्या दिरांच्या निवृत्तीचं जेवण झालं. शेजारीपाजारी, नणंद, तिचा नवरा, सगळे वरच्या पांढऱ्याशुभ्र बैठकीत. थोरलीनं रंगवून रंगवून सांगितलं. धाकटी जिना कशी चढून आली, तिचा ओठ कसा थरथरत होता, डोळ्यांत पाणी कसं, आणि कशासाठी तर कोळी मेला म्हणून! "आपला आपण मेला बिचारा, आयुष्य संपलं त्याचं. पण आमच्या धाकटीचा चेहरा असा, की मला वाटलं आता तेरावं घालते की काय!" थोरलीला नक्कल छान यायची. बैठक हसून हसून आडवी झाली. नणंदेला ठसका लागला. धाकटीच्या नवऱ्याचेही ओठ हलले. त्याचा हिशोब त्यानं पुढे आठवडाभर अळणी जेवून चुकता केला.

धाकटी तिथे पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी होती. तिनं सगळ्यांना पाणी दिलं. आणि प्रत्येक पेला भरताना मनात एकच वाक्य पक्कं केलं: आपला आपण मेला नाही. कोणामुळे मेला हे थोरली स्वतःच्या तोंडानं सांगेल. याच बैठकीत. याच माणसांसमोर.

म्हणणं सोपं होतं. थोरलीच्या तोंडून चूक वदवून घ्यायची म्हणजे दगडातून लोणी काढायचं. महिने गेले. धाकटी शेड शिवत राहिली आणि राग मुरत राहिला. राग हा लोणच्यासारखा असतो. बरणी हलवली नाही तर बुरशी येते. धाकटी रोज हलवायची.

मागच्या अंगणात विटांची रास हलवताना तिला दुसरी मिळाली. पूर्ण वाढलेली, आणि पोटाच्या टोकाला चिकटवलेली पांढरी, वाटाण्याएवढी गोळी. अंड्यांची पिशवी. या जातीची आई ती पिशवी क्षणभर खाली ठेवत नाही. धावते तीही तिला घेऊनच. धाकटीनं तिला रिकाम्या डब्यात घर करून दिलं. नाव ठेवलं नाही. एकदा नाव ठेवून बघितलं होतं.

ती येऊन थोडे दिवस झाले असतील, तोच एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली आणि थोरली खाली आली. स्वतः. हातात झाकलेली ताटली. धाकटीच्या नवऱ्यानं पक्कड खाली ठेवली आणि बायकोकडे बघितलं. हत्ती जिना उतरला तर माणसं बघतातच.

"वड्या केल्या होत्या," थोरली म्हणाली. "म्हटलं, धाकटीला आवडतात."

"मला नाही आवडत, ताई. यांना आवडतात."

"तेच ते." ती सांगाड्यांमधून वाट काढत बसली. थोडा वेळ कापडांचं कौतुक झालं. मग गाडी रुळावर आली. पुतण्याचं, म्हणजे थोरलीच्या मुलाचं, लग्न ठरत होतं. मुलगी दातांच्या कवळ्या बनवायची, हात सोन्यासारखा, स्वभाव गोड. पुतण्याचं वय वाढलेलं, आधीची तीन ठिकाणं थोरलीच्याच स्वच्छतेच्या चौकशांनी पळालेली. हे शेवटचं हातातून जाऊ नये म्हणून ती रात्रंदिवस जपत होती.

"एकच आहे तिचं," थोरली आवाज खाली आणून म्हणाली. "ती कोळी पाळते. ते तुझ्यासारखे. लांडगे. लाजत लाजत विचारलंन मला, लग्नानंतर आणले तर चालतील का?"

"मग?"

"मग काय! नाही म्हणू? मी म्हटलं, अगं आमच्याकडे तर होतीच की एक. मीच तर सांभाळायची."

धाकटीच्या हातातली सुई कापडात अर्धी शिरून थांबली.

"तुम्ही."

"बोलून गेले गं. ती इतकी खूश झाली, म्हणाली, दुसरी आणलीत का? मी म्हटलं, आणली ना. आता ते सगळे यायचेत बघायला, तिची आई, नणंदबाई, सगळे. तुझ्याकडची ही दे मला. आणि घर कसं लावायचं ते सांग. असं कर, की बघणाऱ्यानं म्हणावं, वा!"

बाईसाहेब मेल्यावर ही मालकीण झाली, धाकटीनं मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणाली, "देते की. त्यात काय."

नवऱ्यानं तिच्याकडे दुसऱ्यांदा बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून इतकं गोड "त्यात काय" त्यानं ऐकलं नव्हतं, आणि तो शहाणा होता म्हणून पक्कड उचलून मागल्या दारी गेला.

तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते सोपं होतं. उंच बरणी सांगायची. मूठभर रातकिडे सांगायचे. जिला कळतं ती सून येईल, बघेल, आणि थोरलीचं पितळ उघडं पडेल. पण त्यात पडणार कोण होतं? बरणीच्या भिंतीवरून, पाठीमागे गाठोडं घेऊन? थोरलीच्या पापाची शिक्षा दुसऱ्याच आईला देण्याइतकी धाकटीची बुद्धी अजून आंबली नव्हती.

म्हणून तिनं सगळं खरं सांगितलं. एक अक्षर खोटं बोलायचं नाही असं ठरवूनच बसली. पसरट पेटी आणा, उंच नको. माती इतकी जाड. ही बाजू ओली, ती कोरडी. कुंडीचा तुकडा मी देते. पाण्यात खडे. उन्हात ठेवायची नाही. एका वेळी एक किडा, आणि नाही खाल्ला तर, ताई, काढून घ्यायचा. थोरलीनं काचेची देखणी पेटी आणली. धाकटीनं स्वतः माती चाळून भरली, बोटानं बिळाची सुरुवात करून दिली.

"मागे हे काय चिकटलंय तिला?" थोरलीनं पिशवी बघून विचारलं.

"तिचं आहे ते. हात लावू नका."

"शी. मी कशाला लावते हात!"

राहिलं झाकण. लाकडी चौकट नवऱ्यानं करून दिली. तिच्यावर कापड ताणायचं होतं. धाकटी कपाटापुढे उभी राहिली. हात आपोआप मलमलीकडे गेला; वरच्या बैठकीतल्या शेडसाठी आणलेल्या मलमलीचा चांगला मोठा तुकडा उरला होता. तिनं तो चिमटीत धरला. यातून हवा जाईल, पिल्लू जाणार नाही. अंड्यांची पिशवी आता पांढरी राहिली नव्हती, मळकट राखाडी झाली होती. थोड्याच दिवसांत आई स्वतः शिवण उसवेल, पिल्लं तिच्या पाठीवर चढतील, आठवडाभर तिथेच बसून राहतील, आणि मग एका दिवशी उतरून, उजेडाकडे, वर, जिथे वाट मिळेल तिथे निघतील. कोणालाही न विचारता. त्यांची रीतच ती.

तिनं मलमल घडी करून ठेवली आणि मच्छरदाणीची जाळी काढली. डास अडेल इतकी बारीक. फक्त डास.

टाका इतका सुबक घातला की नवराही म्हणाला, "छान झालंय."

"हो ना," धाकटी म्हणाली.

मग नुसती वाट बघायची होती, आणि वाट बघायला ती लांडग्याकडूनच शिकली होती. एकदा वरून हाक आली, "धाकटे! तिच्या पाठीवर केस आलेत गं, अचानक! दाट!"

"खातेपिते ना?" धाकटीनं जिन्यातून विचारलं.

"हो."

"धावते ना?"

"हो गं."

"मग झालं तर."

पाहुणे आले त्या दिवशी थोरलीनं बैठकीत नजर ठरणार नाही इतका पांढरेपणा मांडला होता. पांढऱ्या गाद्या, पांढरे पडदे, आणि खिडकीजवळच्या मेजावर मधोमध पेटी. होणारी सून खरंच गोड होती. बारीक चणीची, बोलताना हातांची बोटं आधी बोलायची. तिची आई आली होती. आणि मागच्या जेवणाची सगळी माणसं होती. नणंद, तिचा नवरा, शेजारी. धाकटी पाण्याचा तांब्या घेऊन कोपऱ्यात उभी राहिली. जागासुद्धा तीच.

"बसा, बसा, मग बघू तिला," थोरली म्हणत होती. "मला तर बाई लळाच फार. सकाळी उठले की आधी तिला—"

"अय्या, हे काय?" सुनेच्या आईनं बशीकडे बघितलं. बशीच्या काठावर काहीतरी टिंबाएवढं चालत होतं.

नणंदेनं दंड झटकला. शेजाऱ्यानं मान चोळली. मग कोणाचं तरी लक्ष पडद्याकडे गेलं. दुपारच्या उन्हात पांढऱ्या पडद्यावर मिरी सांडावी तशी टिंबंच टिंबं, आणि सगळी चालत होती, सगळी वर. पेटीच्या जाळीतून एकामागून एक, शहाण्या पोरांसारखी रांगेनं बाहेर येत होती. काहींनी धागे सोडले होते आणि त्यांना लटकून ती गाद्यांवर, खांद्यांवर, चहात उतरत होती. एक थोरलीच्या कपाळावर आलं, भुवईपाशी थांबलं, विचार करून केसांत शिरलं.

थोरलीनं अशी किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावर सांगाडे वाजले असतील. दुसऱ्या क्षणी तिच्या हातात चप्पल होती. एक पडद्यावर बसली, एक मेजावर, तिसरी पेटीवर बसणार एवढ्यात सुनेनं तिचा हात धरला.

"नका! नका मारू! पिल्लं आहेत ती!"

"असू देत! माझ्या घरात— मेले, घाणेरडे—"

आणि मग थोरलीला कळलं की आपण काय बोललो. चप्पल हातातच राहिली.  नणंद हळूहळू पाय वर घेऊन बसली.

सुनेनं पेटी स्वतःकडे ओढली, जाळीवर रुमाल पसरला आणि आत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. वर आली तेव्हा तिचा चेहरा गोंधळलेला होता.

"घर किती सुंदर लावलंय," ती म्हणाली. "माती, ओल, आडोसा. पाण्यात खडेसुद्धा. माझ्याकडच्या पेट्याही इतक्या नेटक्या नाहीत. हे तुम्ही केलंत?"

"मीच," थोरली म्हणाली. बुडतानाही माणूस दागिना सोडत नाही.

"मग झाकणाला ही जाळी कशी? जिच्या पाठीशी पिशवी होती तिला?"

"ते हिनं शिवलं!" थोरलीनं चप्पलच धाकटीकडे रोखली. "हिनं दिलं! हिलाच विचार!"

सुनेनं धाकटीकडे बघितलं. मग तिची नजर वर गेली, डोक्यावरच्या दिव्याकडे, त्याच्या शेडच्या मलमलीकडे. "ही शेड तुम्हीच शिवलीत ना? काकू शिवतात असं हे म्हणाले होते."

"हो."

"या कापडाचा तुकडा उरला नव्हता?"

"उरला होता."

"मग... विसरलात?"

हो म्हटलं असतं तर सुटली असती. सगळे तिच्याकडे बघत होते, नवरासुद्धा, आणि त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, हो म्हण. धाकटीनं तांब्या खाली ठेवला.

"नाही. विसरले नाही."

"बघितलंत?" थोरली ओरडली. "बघितलंत सगळ्यांनी? पोटात केवढं विष आहे ते? कशासाठी गं? मी काय घोडं मारलं तुझं?"

"घोडं नाही मारलंत," धाकटी म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती. "पहिली कशी गेली ते सांगा. इथेच सांगितलं होतंत ना, नक्कल करून? आता खरं सांगा. आपली आपण मेली?"

"मेलीच आपली आपण!"

"कात टाकत होती का?" सुनेनं हळूच विचारलं. कोळी पाळणाऱ्याला दुसरा प्रश्न सुचत नाही.

"मला काय माहीत कात नि बीत!" थोरलीचा श्वास फुलला होता. केसांतलं पिल्लू कानामागून उतरत होतं आणि तिला ते कळत होतं. ती थिजून उभी होती. "मी खाली गेले तर ती उताणी पडलेली. पाय असे वर. टाकलेला किडा तसाच. मी घाबरले. म्हटलं, ही माझ्या भरवशावर ठेवून गेलीय आणि हिनं तर अन्न सोडलं. भुकेनं पडली म्हटलं, एकानं काय होतंय, म्हणून मूठभर टाकले. दुसऱ्या दिवशी जायचा धीरच झाला नाही मला. नाही गेले. झालं? मी मारली. झालं समाधान?"

सुनेनं तोंडावर हात ठेवला. मूठभर रातकिडे म्हणजे काय हे त्या खोलीत दोघींनाच कळत होतं.

धाकटीला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तीच बैठक, तीच माणसं, तेच तोंड. कोणी हसत नव्हतं. पण तिनं महिनोन् महिने मुरवला होता तो राग जिना उतरायचा कंटाळा करणाऱ्या बाईवरचा होता. ही कोणी दुसरीच निघाली. डब्यावर वाकलेली, घाबरलेली, मुठीनं चारणारी. आता एवढा राग घेऊन जायचं कुठे? खाली ठेवावा तर जागा सापडेना.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" तिनं विचारलं.

"तुला?" थोरली म्हणाली. "तुझा चेहरा बघितला होतास तेव्हा?"

पाहुणे चहा न पिताच उठले. चहात पोहणारे होते, तेही एक कारण. लग्न मोडलं नाही. सून निघताना सगळ्यांच्या पाया पडल्यासारखं वाकून बोलली, पण पुतण्याला जिन्यात स्पष्ट म्हणाली, "माझे कोळी इथे नाही आणणार मी. आपण वेगळं घर बघू." आणि पुतण्या, ज्याला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी "आपण" म्हणालं होतं, "बघू" म्हणाला. वरच्या मजल्यावर थोरलीला ते ऐकू गेलं.

हे धाकटीनं मागितलं नव्हतं. मिळालं, ते परतही केलं नाही.

पिल्लांच्या आईला तिनं त्याच संध्याकाळी खाली आणलं आणि झाकणावर मलमल चढवली. पण पिल्लं वर राहिली. अभ्र्यांत, चौकटींत, भांड्यांच्या फडताळात. दोन दिवस वरून चपलेचे फटके ऐकू येत होते. एकेक फटका धाकटीला गोड लागायचा आणि लगेच घशात अडकायचा, कारण तो नक्की कोणावर पडतोय हे तिला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी ती चहाची गाळणी, एक बारीक कुंचला आणि बरणी घेऊन वर गेली.

थोरली पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. केस घट्ट बांधलेले, वर रुमाल. 

"आलीस," थोरली म्हणाली.

"मारू नका. मी वेचते."

"वेच मग. लवकर वेच."

धाकटीला सरावाचा हात होता. मनात आणलं असतं तर एका दुपारीत वरचा मजला साफ केला असता. तिनं त्या दिवशी एक कोपरा वेचला. दुसऱ्या दिवशी दुसरा. रोज दुपारी ती वर जायची, कुंचल्यानं एकेक पिल्लू हळुवार उचलून बरणीत ठेवायची, आणि थोरली पलंगावरून बघत बसायची. चहा थोरलीच करायची, चपलेनं ओटा झाडून मग. बोलायला दुसरं कोणी नव्हतं. थोरले दीर मुळात बोलणारे नव्हते, मुलगा घरं बघत हिंडत होता.

"तो खिडकी असलेली जागा बघतोय," थोरली एकदा म्हणाली. "उन्हाची. तिच्या त्यांना चालतं का ऊन?"

"नाही चालत. सांगा त्याला."

"मी कशाला सांगू? तू सांग." थोड्या वेळानं ती म्हणाली, "मीच सांगते."

धाकटीनं मान वर केली नाही. कुंचला पडद्याच्या घडीतून फिरवत राहिली.

"अजून किती राहिलेत गं?"

"बघते ना."

"काल पण बघतेच म्हणालीस."

धाकटीनं खिडकीची चौकट तपासली. लाकूड जिथे भिंतीला मिळतं तिथे एक बारीक फट होती. आत सावली, जरा ओल, आणि उजेडाला येणारी चिलटं तिच्या तोंडाशीच घोटाळत होती. फटीत एक पिल्लू बसलं होतं. आता टिंबाएवढं राहिलं नव्हतं. पुढचे दोन पाय बाहेर काढून ते सावध बसलं होतं आणि सगळ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होतं.

"दिसतंय का काही?" पलंगावरून थोरलीनं विचारलं.

"नाही बाई," धाकटी म्हणाली. सगळ्या प्रकरणात तिनं मारलेली ही पहिली थाप. "उद्या येते परत."

आणि तिनं पडदा नीट ओढून घेतला, म्हणजे त्याच्यावर ऊन यायला नको.